ग्रहांना चंद्र किती? आटपाडीतून दिसणारे चार आणि यादीतले शेकडो

आटपाडी तालुका पर्जन्यछायेत येतो. पावसाची वाट पाहून डोळे शिणतात, पण हेच कोरडे आकाश रात्री कामाला येते. गावातल्या दिव्यांपासून जरा लांब, रानातल्या घराच्या माळवदावर जा. १० बाय ५० ची साधी दुर्बीण कशाला तरी टेकवून गुरूकडे धरा. ग्रहाशेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतील. कधी चार, कधी तीन, कारण एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असतो. हे आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो. गॅलिलिओने १६१० मध्ये हेच पाहिले होते. गॅनिमीड तर बुध ग्रहापेक्षाही मोठा आहे!

मग सर्वांत जास्त चंद्र कोणाला? भरतीची तयारी करणाऱ्यांनो, जुन्या गाईडवर विसंबू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर होते गुरू. त्याच वर्षी मे महिन्यात शनी पुढे गेला. मार्च २०२५ मध्ये शनीच्या यादीत एकदम १२८ नव्या उपग्रहांची भर पडली आणि आकडा २७४ झाला. यातले बहुतेक जेमतेम काही किलोमीटरचे दगड आहेत. पण उपग्रह म्हणवून घ्यायला किमान आकार किती हवा, हे आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ठरवलेलेच नाही. कक्षा पक्की झाली की नोंद होते. म्हणून आकड्यासोबत महिना-वर्ष नसेल तर तो फॉरवर्ड पुढे ढकलू नका. पृथ्वीचा १ आणि मंगळाचे २ तेवढे बिनधास्त पाठ करा. बुध आणि शुक्राला एकही नाही.

बटुग्रहांकडेही चंद्र आहेत. सेरेसला नाही, पण एरिसला १, माकेमाकेला १, हौमियाला २ आणि प्लूटोला तब्बल ५ सापडले आहेत. प्लूटोचा शॅरन हा चंद्र व्यासाने त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे. त्यामुळे दोघेही मधल्या मोकळ्या जागेतल्या एका बिंदूभोवती फिरतात आणि कायम एकमेकांकडे तोंड करून असतात.

प्लूटोचा शोध भारतीयाने लावला, असा दावा तुम्ही कुठे वाचला असेल. त्यामागचे नाव खरे आहे, दावा मात्र नाही. आयो चार फेऱ्या मारतो तेवढ्यात युरोपा दोन आणि गॅनिमीड एक मारतो. 'ज्योतिर्गणित' लिहिणारे मराठी गणिती व्यंकटेश बापूजी केतकर यांनी असाच ताल दूरच्या ग्रहांना लावून पाहिला. नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असे त्यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या नियतकालिकात मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माची सूर्याभोवतीची फेरी त्यांनी सुमारे २४२ वर्षांची काढली. १९३० मध्ये अमेरिकेत क्लाइड टॉम्बो यांना प्लूटो सापडला, त्याची फेरी सुमारे २४८ वर्षांची निघाली. आकडा थक्क करणारा जवळचा, पण ताल चुकला होता. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन होतात. विष्णू तर सापडलाच नाही.

गुरूच्या चंद्रांचा ताल मात्र तुम्हाला स्वतः तपासता येईल. आठवडाभर रोज ठरल्या वेळी ठिपक्यांच्या जागा वहीत काढा. आयोची फेरी सुमारे ४२ तासांची, म्हणजे आज डावीकडे दिसलेला तो उद्या बहुधा उजवीकडे असेल.