गाडीचा टायर पंक्चर झालाय? स्टेपनी सुरक्षितपणे बदलण्याची पूर्ण माहिती

टायर बदलणं हे वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे. ताकदही फार लागत नाही, नीट माहिती असेल तर कॉलेजमधला कुणीही करू शकतो. धोका नट काढण्यात नाही, दोन वेगळ्याच गोष्टींत आहे. एक म्हणजे मागून येणारी वाहनं, आणि दुसरी म्हणजे टनभर वजनाची गाडी एका काटकुळ्या जॅकवर उभी असणं. त्यामुळे या लेखात पाना कसा फिरवायचा यापेक्षा या दोन गोष्टींवर जास्त लिहितोय.

मी उदाहरणं आमच्या अंजनवेलची देणार आहे. गुहागर तालुक्यातलं, वाशिष्ठीच्या मुखावरचं हे गाव. वर गोपाळगड आणि सपाट कातळाचा सडा, खाली खाडी आणि समुद्र, मध्ये उतार आणि वळणं. दीपगृह, टाळकेश्वर आणि गोपाळगड बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या सतत येतात. टायर बदलताना जे जे नडू शकतं ते सगळं या एका गावात आहे: चढ-उतार, पावसाळ्यात भुसभुशीत होणारी साईडपट्टी, खारी हवा आणि ये-जा करणारी मोबाईलची रेंज.

आधी ठरवा: टायर बदलायची खरंच गरज आहे का?

आता बहुतेक गाड्यांचे टायर ट्यूबलेस असतात. खिळा घुसला तरी तो स्वतःच भोक बरंचसं बुजवून बसतो आणि हवा हळूहळू जाते. अशा वेळी खिळा उपटायचा नाही! हवा भरायची आणि सावकाश जवळच्या पंक्चरवाल्याकडे जायचं. डिकीत १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर असेल तर निम्म्या वेळा जॅक बाहेर काढावाच लागत नाही. टायर पूर्ण बसला असेल, बाजूची भिंत फाटली असेल किंवा भरलेली हवा लगेच जात असेल, तरच स्टेपनी.

आणि स्टेपनी आहे का हेही बघून ठेवा. टायरचं प्रेशर सांगणारी यंत्रणा आणि रिपेअर किट दिलं असेल तर ट्यूबलेस टायरच्या गाडीला स्टेपनी सक्तीची नाही, असा बदल केंद्र सरकारने २०२० मध्ये नियमांत केला. काही ईव्हींमध्ये ती मिळतच नाही, नुसतं सीलंट आणि कॉम्प्रेसर मिळतो. सीलंट फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या बारीक भोकावर चालतं. भिंत फाटली तर उपयोग शून्य, सरळ टोइंग.

(स्टेपनी हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की देशीच वाटतो. तो आला वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर चाकावर अडकवायचं जादा चाक विकायला सुरुवात केली. तेव्हाच्या मोटारींना जादा चाक मिळतच नसे.)

गाडी कुठे थांबवायची

टायर बसल्याचं कळलं की जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, हजार्ड लाईट लावा आणि वेग आपोआप उतरू द्या. मग जागा शोधा. बसलेल्या टायरवर चालण्याच्या वेगाने शंभर-दोनशे मीटर जावं लागलं तरी जा. टायर खराब होईल, कदाचित रिमलाही मार बसेल. होऊ दे. वळणावर थांबण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

तीन गोष्टी बघायच्या: सपाट, टणक, आणि लांबून दिसणारी जागा. अंजनवेलमध्ये याचं उत्तर सोपं आहे, वर सड्यावर या. खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर टायर गेला तर तिथेच जॅक लावू नका. उताराचं गणित बघा: फक्त ५ अंशांच्या उतारावर १००० किलोची गाडी जवळपास ८७ किलोच्या जोराने खाली सरकू पाहते. उतार नेमका किती आहे हे नुसत्या डोळ्यांनी नीट कळत नाही. इथे फोन कामाला येतो. आयफोनच्या मेझर ॲपमध्ये लेव्हल असते, अँड्रॉइडवर बबल लेव्हलची फुकट ॲप्स आहेत. फोन गाडीच्या दिशेने रस्त्यावर आडवा ठेवा आणि आकडा वाचा. २ अंशांच्या वर गेलं की मी जागा बदलतो. हा माझा नियम आहे, गाडीच्या मॅन्युअलमध्ये फक्त 'सपाट आणि टणक जमीन' एवढंच लिहिलेलं असतं.

धोपावे-दाभोळ फेरीबोटीच्या रांगेत टायर बसला तर रॅम्पवर काहीही करू नका. तिथल्या लोकांना सांगा, गाडी बाजूला घ्यायला ते मदत करतात.

मागच्या वाहनांसाठी रिफ्लेक्टर त्रिकोण लावायचा. किती लांब? ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. ड्रायव्हरला त्रिकोण दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे ३५-४५ मीटर तिथेच संपले. त्यापुढे थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी तेवढंच अंतर, पावसात जास्त. म्हणून ५० मीटर हे कमीत कमी. वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे. वळणाच्या पलीकडे ठेवलेला त्रिकोण शोभेचा असतो.

एक्स्प्रेसवेवर मात्र वेगळा हिशोब

डिसेंबर २०२४ मध्ये समृद्धी महामार्गावर वाशिम जिल्ह्यात रस्त्यात पडलेल्या लोखंडी फलकावरून जाऊन रात्रीच्या वेळी पन्नासहून जास्त वाहनांचे टायर फुटले होते. लोक बराच वेळ अंधारात अडकून पडले. समृद्धीवर कारची वेगमर्यादा १२० आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. अशा रस्त्यावर रहदारीच्या बाजूचं चाक बदलायला बसणं म्हणजे ज्या लेनमधून ट्रक जातोय तिकडे पाठ करून बसणं.

माझं मत स्पष्ट आहे: एक्स्प्रेसवेवर रहदारीच्या बाजूचा टायर स्वतः बदलू नका. गाडी शक्य तेवढी डावीकडे घ्या, सगळे डाव्या दाराने उतरा, बॅरिअरच्या पलीकडे जाऊन उभे रहा आणि मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, आणि कुठेही ११२. गाडीत बसून वाट बघणं तर अजिबात नको, मागून धडक बसली की मार आतल्यांनाच बसतो.

जॅक लावण्याआधी

सगळ्यांना खाली उतरवा. झोपलेल्या आजीलासुद्धा. हँडब्रेक ओढा, गिअर पहिल्यात किंवा रिव्हर्समध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'. मग चाकाला अडण लावा. यातलं अडण लोक टाळतात, कारण 'गाडी गिअरमध्ये आहे ना, मग झालं की'. इथे एक बारीक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शिअल असतं, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा. पुढचं एक चाक उचललं की ते हवेत मोकळं होतं. गाडी सरकायला लागली तर जमिनीवरचं चाक एका दिशेने फिरतं, हवेतलं उलट दिशेने फिरतं, आणि इंजिन जागच्या जागी राहतं. म्हणजे गिअरचा काहीच उपयोग होत नाही! त्या वेळी गाडी फक्त हँडब्रेकवर असते. आणि मागचं चाक उचललं तर हँडब्रेक जमिनीवरच्या एकाच चाकाला धरतो, पुढे गिअर मात्र काम करतो.

थोडक्यात, जॅक लावला की तुमच्या दोन सुरक्षांपैकी एक गेलेली किंवा अर्धी झालेली असते. म्हणून अडण हवंच. जे चाक बदलायचं त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला, शक्यतो दोन्ही बाजूंनी. आमच्याकडे जांभ्याचे चिरे रस्त्याकडेला पडलेलेच असतात, अडण म्हणून ते चांगले. पण चिरा जॅकच्या खाली ठेवू नका. जांभा मऊ असतो, जॅकच्या छोट्या पायाचा भार एका जागी आला की तो फुटू शकतो. पावसाळ्यात जॅक मातीत रुतू नये म्हणून त्याच्याखाली जाड फळी ठेवा. फूटभर लांब-रुंद आणि इंचभर जाडीचा एक तुकडा डिकीत कायम असू द्या.

आता प्रत्यक्ष काम

नट आधी ढिले करायचे, गाडी नंतर उचलायची. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा ते एक आटा सैल करा. गाडी जॅकवर असताना पाना जोरात ओढला तर जॅक कलंडतो. खाऱ्या हवेत नट गंजून बसतात. अशा वेळी पान्याचा दांडा आडवा ठेवून टाचेने खाली दाबा, उड्या मारू नका. काही गाड्यांत एक नट वेगळा, चोरी रोखणारा असतो. त्याची किल्ली सहसा ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा टूलच्या पिशवीत असते, ती कुठे आहे हे घरी असतानाच बघून ठेवा.

जॅक कुठे लावायचा ते मॅन्युअलमध्ये असतं. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला चाकाजवळ दोन खाचा दिसतात, त्यांच्या मध्ये जॅकचं डोकं बसतं. दुसरीकडे कुठेही लावला तर पत्रा दुमडतो, आणि ईव्हीमध्ये तर फरशीखाली बॅटरी असते. मॅन्युअलचा पीडीएफ आजच फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. उतारावर रेंज नसताना व्हिडिओ शोधत बसायला नको.

चाक जमिनीपासून दोन-तीन इंच वर आलं की थांबा. हवा भरलेल्या स्टेपनीला थोडी जास्त जागा लागते. या काळात शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली नाही: हात नाही, डोकं नाही, खाली गेलेला नट काढायलासुद्धा नाही. स्टेपनी काढली की ती दाराखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. जुनं चाक निघालं की अदलाबदल करा.

नट काढूनही चाक निघत नाही, असं किनाऱ्यावरच्या गाड्यांत नेहमी होतं. रिम हबला गंजाने चिकटलेली असते. जॅकवरच्या गाडीला हिसके देऊ नका. नट परत हाताने लावा, एक आटा ढिले ठेवा, गाडी खाली उतरवा आणि बाजूने ढकलून हलवा. गाडीच्याच वजनाने चाक सुटतं.

नवीन चाक लावताना नटची निमुळती बाजू आत. आधी सगळे हाताने, मग पान्याने हलके आवळा, गाडी खाली आणा, मग पूर्ण आवळा. क्रम शेजारी-शेजारी नाही, समोरासमोर. पाच नट असतील तर एक सोडून एक. नाहीतर चाक तिरकं बसतं. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात नट प्रमाणाबाहेर आवळला जातो आणि स्टड ताणला जातो.

किती आवळायचं? लहान गाड्यांत साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला ३० किलोचा जोर दिला की जवळपास ९० होतात. म्हणजे हाताने चांगला दाबून, पण पान्यावर उभं राहून नाही.

फोनची तयारी

रात्री फोनचा टॉर्च तोंडात धरून काम करण्यापेक्षा डोक्याला लावायचा छोटा दिवा घ्या. टॉर्च लावला की बॅटरी उतरते, आणि तुमचा नकाशा, पैसे, फोन सगळं त्याच बॅटरीवर आहे. रेंज असेल तेव्हाच घरी लाईव्ह लोकेशन पाठवा. रेंज कमी असेल तर जीपीएसचे आकडे साध्या एसएमएसने पाठवा, डेटा नसतानाही तो बऱ्याचदा जातो. गुहागर-चिपळूण पट्ट्याचा ऑफलाइन नकाशा निघण्याआधीच उतरवून घ्या.

बदलल्यानंतर

स्टेपनीचा आकार बाकी चाकांपेक्षा लहान असेल तर तिच्यावर वेग लिहिलेला असतो, बहुधा ८०. तो पाळा. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा तपासा.

स्टेपनीत हवाच नसणं हा सगळ्यात सामान्य प्रकार आहे. महिन्यातून एकदा पेट्रोल पंपावर पाचही चाकांची हवा बघा. लहान आकाराच्या स्टेपनीला बाकी चाकांपेक्षा बरीच जास्त, अनेकदा ६० पीएसआय हवा लागते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. कधीच न वापरलेली स्टेपनीसुद्धा वयाने म्हातारी होते, रबर कडक होऊन चिरा पडतात. पंक्चर काढून घेताना भोक बाजूच्या भिंतीत असेल तर पंक्चरवाला 'होऊन जाईल' म्हणाला तरी तो टायर परत लावू नका, नवाच घ्या.