मुंबई उपनगरांतील वांतिरोधक औषधनिर्मिती आणि १९७० चा पेटंट कायदा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मळमळ व उलटी या किरकोळ तक्रारी मानल्या जातात. आले-लिंबाचा रस, आवळासुपारी, मोरावळा असे उपाय त्यांवर घरोघरी रूढ आहेत. परंतु शस्त्रक्रियेनंतर भूल उतरताना किंवा कर्करोगावरील रसायनोपचारांत होणारी उलटी अशा उपायांना दाद देत नाही. तेथे औषधच लागते. हे औषध सामान्य रुग्णाच्या आवाक्यात कसे आले, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राच्या इतिहासाबरोबरच मुंबई उपनगरांच्या औद्योगिक इतिहासात आणि पेटंट कायद्यात शोधावे लागते. प्रस्तुत लेखात या संबंधाचा आढावा घेतला आहे.

उपनगरांतील औषध उद्योग

स्वातंत्र्योत्तर काळात विक्रोळी ते मुलुंड हा मध्य रेल्वेलगतचा पट्टा, तसेच पश्चिमेकडील गोरेगाव व कांदिवली ही औषध उद्योगाची केंद्रे बनली. भांडुप येथे सिबा, तर मुलुंड येथे जॉन्सन अँड जॉन्सन व हेक्स्ट या बहुराष्ट्रीय कंपन्या आल्या. सिबाचे संशोधन केंद्र १९६३ मध्ये गोरेगावला सुरू झाले. त्यांच्या शेजारीच भारतीय कंपन्याही उभ्या राहत होत्या. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये स्थापन केलेल्या सिप्लाने १९६० मध्ये विक्रोळीत कारखाना काढला. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या इप्काने कांदिवलीत आपला विस्तार केला.

परदेशी शोध आणि देशी कायदा

प्रमुख वांतिरोधक औषधांचा शोध मात्र युरोपात लागला. मेटोक्लोप्रमाइडचे वांतिरोधक गुण फ्रान्समधील संशोधकांनी १९६४ मध्ये मांडले. डॉम्पेरिडोन १९७४ मध्ये बेल्जियममधील जान्सेन या कंपनीत तयार झाले. ही कंपनी १९६१ पासून जॉन्सन अँड जॉन्सन समूहात होती. ब्रिटनमधील ग्लॅक्सोचे ऑन्डान्सेट्रॉन १९९० मध्ये वापरात आले आणि रसायनोपचार घेणाऱ्या रुग्णांची स्थिती पालटली.

१९११ च्या कायद्यानुसार प्रत्यक्ष औषधावरही पेटंट मिळत असे व त्याची मुदत १६ वर्षे होती. न्या. राजगोपाल अय्यंगार समितीने १९५९ च्या अहवालात या व्यवस्थेची चिकित्सा केली. त्यातून आलेला १९७० चा कायदा २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. त्याने औषधाच्या पदार्थावरील पेटंट रद्द करून केवळ निर्मितिप्रक्रियेवरील पेटंट मान्य केले. तेच औषध वेगळ्या प्रक्रियेने बनविणे यामुळे कायदेशीर ठरले. १९७० च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाचीही त्यास जोड होती.

या चौकटीत इप्काचे पेरिनॉर्म (मेटोक्लोप्रमाइड), सिप्लाचे व्होमिस्टॉप (डॉम्पेरिडोन) व एमसेट (ऑन्डान्सेट्रॉन) ही नावे औषधदुकानांत रुळली. अमेरिकेत ऑन्डान्सेट्रॉनची पर्यायी उत्पादने २००६ च्या अखेरीस बाजारात आली. भारतीय रुग्णाला मात्र १९९० च्या दशकातच देशी उत्पादन उपलब्ध झाले होते.

मर्यादा

या यशाला दुसरी बाजूही आहे. उपनगरांतील रसायनतज्ज्ञांचे कौशल्य प्रक्रिया शोधण्यात प्रकट झाले. वरील तिन्ही रेणूंपैकी एकही येथे शोधला गेला नाही. शिवाय सुलभ उपलब्धता म्हणजे सुरक्षित वापर नव्हे. मेटोक्लोप्रमाइडमुळे, विशेषतः लहान मुलांत, मान व चेहऱ्याचे स्नायू अनैच्छिकपणे आखडू शकतात, तर डॉम्पेरिडोनमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. युरोपीय औषध नियामक संस्थेने अनुक्रमे २०१३ व २०१४ मध्ये त्यांच्या वापरावर निर्बंध सुचविले.

समारोप

२००५ च्या दुरुस्तीने औषधाच्या पदार्थावरील पेटंट पुन्हा लागू झाले. १९९५ पूर्वीचे रेणू त्याच्या कक्षेबाहेर राहिल्याने ही जुनी औषधे आजही अनेक कंपन्या बनवू शकतात. नव्या रेणूंबाबत ती मोकळीक उरलेली नाही. औषध प्रयोगशाळेत जन्म घेते, पण ते रुग्णापर्यंत केव्हा पोहोचेल हे पुष्कळदा कायदा ठरवितो, हे विक्रोळी-कांदिवलीच्या या इतिहासातून स्पष्ट होते.