स्वल्पविराम कोणाचा? : खानदेशातील काही संहितांच्या निमित्ताने

मराठी गद्यशैलीची चर्चा करताना वाक्याची लांबी, त्याचे खंड आणि त्यातील विसावे यांवरून आपण लेखकाच्या वृत्तीविषयी अनुमाने काढतो. ही अनुमाने ज्या चिन्हावर उभी असतात तो स्वल्पविराम लेखकाचाच आहे, हे मात्र न तपासता गृहीत धरले जाते. हे गृहीतक किती डळमळीत आहे, याची साक्ष धुळे-जळगावशी निगडित असलेल्या तीन प्रकारच्या संहिता देतात.

जुन्या पोथ्यांना दंड पुरेसा होता. मोडी लेखनात तर शब्दही बहुधा सुटे केले जात नसत. मराठीला विरामचिन्हांची शिस्त लावण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० मध्ये प्रसिद्ध झाली. नमुना अर्थातच इंग्रजीचा होता. परंतु इंग्रजीतही हे चिन्ह दीर्घकाळ श्वासाचे आणि व्याकरणाचे अशा दोन धन्यांची चाकरी करीत आलेले आहे. जर्मन भाषेत गौणवाक्यापूर्वी स्वल्पविराम व्याकरणानेच सक्तीचा केला आहे. इंग्रजीत तो असण्या-नसण्यावर संबंधी वाक्याचा अर्थ बदलतो. मराठीत हे सांधे ‘जो-तो’, ‘जर-तर’ आणि ‘ऊन’ प्रत्ययान्त रूपे दाखवितात, आणि वाक्याची समाप्ती बहुधा क्रियापदाने कळते. म्हणून मराठीत स्वल्पविरामावर व्याकरणाचा भार कमी आणि अर्थनिर्णयाचा भार अधिक पडतो.

पहिला प्रकार ऐतिहासिक कागदपत्रांचा. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करणारे वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यास निवर्तले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. मोडी कागद बालबोधीत आणताना काय घडते, हे एका कल्पित वाक्यखंडावरून पाहू : ‘पाटील कुळकर्णी समस्त रयत हजर होऊन’. ‘कुळकर्णी’नंतर स्वल्पविराम दिला, तर वतनदार निराळे आणि रयत निराळी ठरते, न दिला, तर ‘समस्त रयत’ या पदात वतनदारांचाही समावेश होऊ शकतो. गावगाड्याच्या रचनेविषयीचा एक निष्कर्ष येथे चिन्हाच्या आड दडलेला आहे. चिन्ह न देणे हाही संपादकाचा निर्णयच होय.

दुसरा प्रकार भाषणाचा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली; ती साने गुरुजींनी टिपून घेतली. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा. साने गुरुजी स्वतः स्वतंत्र शैलीचे लेखक होते, हे ध्यानात घेता, ‘गीता प्रवचने’तील लहान लहान खंडांची लय केवळ वक्त्याची म्हणून वाखाणणे घाईचे ठरेल.

तिसरा प्रकार अधिक नाजूक आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी टिपून ठेवल्यामुळे वाचली. ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, निघाला. ओवीतला विसावा गळ्याचा आणि जात्याच्या फेऱ्याचा असतो. पानावरचा विराम प्रमाण लेखनाचा असतो. हे दोन विराम दर वेळी एकाच जागी पडतील, असे मानण्यास आधार नाही. बोलीच्या लयीवर भाष्य करणारा समीक्षक छापील चिन्हांवर विसंबला, तर तो ज्या आवाजाचा गौरव करतो त्याच्याच जागी नकळत लेखनिकाला बसवितो.

याचा अर्थ चिन्हे गाळावीत असा नव्हे. त्यांच्याविना आजच्या वाचकाला संहिता दुर्गम होईल. परंतु विरामचिन्हे मुळातील किती आणि संपादकाची किती, हे प्रस्तावनेत नोंदविणे हा संहितासंपादनाचा किमान नियम असावा. आणि समीक्षकाने आपले विधान स्वल्पविराम काढूनही टिकते काय, हे आधी पाहावे. जे टिकत नाही, ते लेखकाविषयीचे नसून त्याच्या लेखनिकाविषयीचे किंवा संपादकाविषयीचे असण्याचा संभव आहे.