कुमराम भीमू : कागदातील आणि आठवणीतील

राजांच्या वंशावळी मिळतात. शेतकऱ्याची जन्मतिथी मिळत नाही. आदिलाबादच्या डोंगरांतील गोंड शेतकरी कुमराम भीमू ह्यांचे चरित्र लिहू पाहणाऱ्यापुढे हीच अडचण प्रथम उभी राहते. त्यांचा जन्म १९०१ साली संकेपल्ली येथे झाला असे सांगतात. पण ती परंपरा आहे, दाखला नव्हे. सरकारदरबारी त्यांची खरी नोंद झाली ती आयुष्याच्या अखेरीस, आणि तीही बंडखोर म्हणून.

परंतु जेथे व्यक्तीविषयी कागद मुका असतो, तेथे काळाला विचारता येते. ह्या मुलखातील गोंड एक रान काही वर्षे कसून ते पडीक टाकीत व दुसरे कसावयास घेत. जमीन आपली म्हणण्यास त्यांना पट्ट्याची गरज कधी वाटली नव्हती. निजामाच्या जंगलखात्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या, तेव्हा असे पडीक रान जंगलात गणले गेले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस काझीपेठ–बल्लारशाह लोहमार्ग पुरा झाला आणि बाहेरील शेतकऱ्यांचा ओघ वाढला. त्यांना पट्टा म्हणजे काय हे ठाऊक होते, गोंडांना नव्हते. एका पिढीच्या आत धनी अतिक्रमक ठरला.

भीमू तरुणपणी एका जमीनदाराशी झालेल्या झगड्यानंतर चांद्यास पळाले, तेथे छापखान्यात अक्षरे शिकले, पुढे आसामच्या चहामळ्यांत राबले, अशी कथा आहे. तिचा प्रत्येक तपशील सिद्ध करता येत नाही. तथापि चांदा इंग्रजी अमलात होता आणि वर्धा नदीपलीकडे निजामाच्या पोलिसांचा हुकूम चालत नसे. मध्य भारतातील मजूर चहामळ्यांत जात, हेही खरे. म्हणजे कथा काळाशी विसंगत नाही. इतिहासकाराने येथे थांबावे. संभाव्य ते घडलेच असे म्हणू नये.

बाबेझरीच्या प्रकरणापासून मात्र जमीन घट्ट लागते. गोंड व कोलामांनी रान तोडून वस्ती केली. त्यांच्यावर खटले झाले, झोपड्या जाळल्या गेल्या. मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांच्या वृत्तान्तावरून दिसते की, भीमू प्रथम हैदराबादेस दाद मागावयास गेले होते. ती मिळाली नाही. त्यानंतर प्रतिकार झाला आणि १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात ते सहकाऱ्यांसह मारले गेले. ‘बंडखोर’ ह्या एका शब्दाने हा पूर्वीचा अर्जदार झाकला जातो. चरित्रकाराने त्याला पुन्हा प्रकाशात आणले पाहिजे.

ह्या घटनेनंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ ह्यांस चौकशीस नेमले. पुढे आदिवासींना पट्टे देण्यात आले. १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे शिक्षण सुरू झाले आणि गोंडी भाषेची क्रमिक पुस्तके देवनागरीत निघाली. २०१६ साली आदिलाबादचे विभाजन होऊन झालेल्या एका जिल्ह्यास भीमूंचे नाव मिळाले. हा गौरव उचितच. परंतु ज्याची जन्मनोंद कोणी केली नाही, त्याच्या मरणानंतर गोंडांची नावे जमिनीच्या दप्तरात चढली, हे त्याचे अधिक खरे स्मारक होय.