गाडीला लागणारे हात

३० जुलै १९०८ ची संध्याकाळ. १२ फेब्रुवारीला न्यूयॉर्कहून निघालेली थॉमस फ्लायर ही अमेरिकी मोटार पॅरिसमध्ये शिरली. अमेरिकेतला बर्फ, प्रशांत महासागर आणि सायबेरियातला चिखल मागे पडला होता, शेवटची रेषा हाकेच्या अंतरावर होती. तेवढ्यात एका पोलिसाने गाडी अडवली. समोरचा दिवा नाही, दिव्याशिवाय शहरात गाडी चालवायची नाही, असं त्याचं म्हणणं. गर्दीतल्या एका सायकलस्वाराने आपल्या सायकलचा दिवा देऊ केला. दिवा काही सुटेना, तेव्हा दिव्यासकट सायकलच उचलून मोटारीवर चढवली आणि गाडी पुढे निघाली. १६९ दिवसांची ही शर्यत शेवटी एका अनोळखी माणसाच्या सायकलच्या उजेडात पुरी झाली. मोटारशर्यतींच्या इतिहासात हा प्रसंग गमतीचा किस्सा म्हणून सांगतात. मला तो एक पुरावा वाटतो. त्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक गाजलेल्या प्रवासात असा कुणीतरी सायकलवाला भेटतो, आणि अशा माणसांना वगळून मोटारीचा इतिहास नीट कळतच नाही.

सुरुवातीपासून पाहू. कार्ल बेंझ यांच्या मोटारीच्या पेटंटची तारीख २९ जानेवारी १८८६. पण हे वाहन लांबच्या प्रवासाला चालतं हे जगाला दाखवलं त्यांच्या पत्नीने. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी, फोर्ट्सहाइमला निघाल्या. अंतर १०० किलोमीटरहून थोडं जास्त. इंधन भरायचं तर पेट्रोल पंप ही कल्पनाच नव्हती. वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रॉइन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. तार उघडी पडली, तिच्याभोवती मोज्याचा पट्टा गुंडाळला. चढावर गाडीचा दम सुटला की मुलांनी उतरून ढकलायचं. उतारावर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा वाटेतल्या एका मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. एका दिवसाच्या प्रवासात औषधविक्रेता, मोची, ढकलणारी दोन मुलं आणि टोपीची पिन हातात धरणारी बर्था, इतके हात त्या गाडीला लागले. पुढे औषधाच्या दुकानाचा पेट्रोल पंप झाला, चामड्याच्या तुकड्याचं ब्रेक लायनिंग झालं, आणि मुलांच्या ढकलण्याच्या जागी चढासाठी आणखी एक गिअर आला. मला मांडायचं आहे ते इथेच दिसतं. मोटारीला लागणारे हात कधी संपले नाहीत. ते एकेक करून वस्तूंमध्ये आणि व्यवस्थेमध्ये मुरत गेले, आणि मुरले म्हणून दिसेनासे झाले.

गाडीला किती हात लागतात हा प्रश्न आज सुचलेला नाही. पहिल्याच मोठ्या स्पर्धेच्या परीक्षकांनी तो विचारला होता. २२ जुलै १८९४ रोजी ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राने पॅरिस ते रुआँ अशी १२६ किलोमीटरची स्पर्धा घेतली. प्रवेशअर्ज शंभरावर आले होते. त्यांत वाफ आणि पेट्रोल तर होतंच, शिवाय दाबलेल्या हवेवर आणि गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या गाड्यांचीही नावं होती. रुआँला सर्वांत आधी पोहोचली ती काउंट द दियाँ यांची वाफेची गाडी. तरीही पहिलं बक्षीस तिला मिळालं नाही. घोड्याविना चालणारं वाहन बिनधोक, चालवायला सोपं आणि कमी खर्चाचं असावं ही स्पर्धेची कसोटी होती, आणि द दियाँ यांच्या गाडीला भट्टीत कोळसा टाकायला वेगळा माणूस लागत होता. पहिलं बक्षीस प्यूजो आणि पानार-लव्हासोर या दोन पेट्रोलवाल्या कंपन्यांत वाटलं गेलं. वेगापेक्षा हातांची संख्या परीक्षकांना महत्त्वाची वाटली. मात्र पेट्रोलच्या गाडीलाही माणसं लागतात, ती गाडीवर न बसता वाटेवर उभी असतात, एवढं त्यांच्या हिशेबात आलं नाही.

हा राहिलेला हिशेब उघडा पडला १९०७ मध्ये. ‘ल मातँ’ या पॅरिसच्या दैनिकाने ३१ जानेवारीला आव्हान दिलं, की मोटार जवळ असली की माणूस काहीही करू शकतो, कुठेही जाऊ शकतो, हे सिद्ध करायला पेकिंगहून पॅरिसला मोटारीने कोण येईल? १० जूनला पेकिंगहून पाच गाड्या निघाल्या. त्यांतली इटाला ही इटालियन गाडी होती प्रिन्स शिपिओने बोर्गेझे यांची. त्यांच्यासोबत एत्तोरे गुइत्सार्दी हा चालक-मेकॅनिक आणि लुइजी बार्झिनी हे पत्रकार होते. बोर्गेझे यांनी शर्यतीआधी जे केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मोटारीच्या रुंदीएवढा बांबू तोडून घेतला आणि तो घेऊन घोड्यावरून पेकिंगच्या उत्तरेच्या घाटवाटा तपासल्या. जिथे बांबू आडवा मावला तिथून गाडी जाणार. म्हणजे मोटारीचा मार्ग आधी घोड्याने पाहिला. घाट आल्यावर इंजिनाचा उपयोग नव्हता, कारण तिथे रस्ताच नव्हता. चिनी मजुरांनी आणि खेचरांनी दोर लावून गाड्या खडकांवरून ओढल्या. गोबीच्या वाळवंटात पेट्रोल आधीच जाऊन पोहोचलं होतं, तेही उंटांच्या पाठीवरून. घोडा, खेचर आणि उंट यांना निरोप देणारं यंत्र म्हणून जिची जाहिरात झाली, ती गाडी त्या तिघांच्याच भरवशावर आशियात शिरली.

गोबीत वाट दाखवणारंही कुणी नव्हतं. होते ते तारेचे खांब. त्यांच्या रांगेने गाड्या चालल्या. वाळवंटाच्या मधोमध एका एकाकी तारघरातून बार्झिनी यांनी आपल्या वर्तमानपत्राला तार पाठवली, तेव्हा कारकुनाने तिच्यावर एक हा क्रमांक घातला. त्यांना वाटलं, दिवसातली पहिली तार असेल. कारकुनाने सांगितलं, हे तारघर सुरू झाल्यापासूनची ही पहिलीच तार आहे, आणि तारघर सुरू होऊन सहा वर्षं झाली आहेत. एकही तार नसताना सहा वर्षं यंत्राजवळ बसून राहिलेला हा माणूस मला त्या शर्यतीतल्या कुठल्याही स्पर्धकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याच्यासारख्यांनी राखलेली तारेची रांग नसती, तर मोटारींना दिशा मिळाली नसती आणि जगाला ही बातमीही कळली नसती.

पुढे बैकल सरोवराच्या बाजूला जुने लाकडी पूल रेल्वे आल्यापासून दुर्लक्षाने कुजले होते. इटाला एका पुलावरून खाली कोसळली. रेल्वेच्या मजुरांनी दोर आणि तुळया लावून तिला वर काढलं. रेल्वेच्या परवानगीने काही अंतर ती रुळांवरूनही चालली. रशियात चाकाने दगा दिला, तेव्हा गाडे बनवणाऱ्या एका गावच्या सुताराने कुऱ्हाडीने लाकूड तासून नवं चाक उभं केलं. १० ऑगस्टला, म्हणजे निघाल्यापासून दोन महिन्यांनी, इटाला पॅरिसला पोहोचली. मागच्या गाड्या आल्या त्यानंतर वीस दिवसांनी. याउलट ऑग्युस्त पाँ यांची तीनचाकी काँताल. गोबीत तिचं इंधन संपलं आणि पुढे गेलेल्या गाड्या परत आल्या नाहीत. गाडी वाळवंटात टाकून पायी निघालेले पाँ आणि त्यांचा सोबती मरणाच्या दारात होते, तेव्हा मंगोल भटक्यांनी त्यांना वाचवलं. इटाला आणि काँताल यांच्या ताकदीत फरक होताच. पण एकीच्या मागे रसद होती आणि दुसरीच्या मागे नव्हती, हा फरक त्याहून मोठा होता. लढाई रसदीवर चालते हे आपल्याकडे मोहिमांच्या संदर्भात नेहमी म्हटलं जातं. पेकिंग ते पॅरिस ही मोहीमही तशीच लढली गेली.

यावर पहिला आक्षेप येईल तो हा, की मजूर आणि खेचरं घाटापुरती होती, बाकी हजारो किलोमीटर गाडी स्वतःच्या इंजिनावर धावली. हे खरं आहे, आणि ते नाकारण्याचं कारण नाही. काफिल्यांना आठवड्यांचे आठवडे लागत ते गोबी इटालाने काही दिवसांत ओलांडलं. पण घाट वगळून प्रवास होत नाही. साखळीची एक कडी तुटली तर उरलेल्या कड्या कितीही भक्कम असून उपयोग काय? शिवाय कुठली मदत मोजायची आणि कुठली नाही, हे आयोजकांनाही ठरवता येत नव्हतं. न्यूयॉर्क ते पॅरिस शर्यतीत जर्मनीची प्रोटोस २६ जुलैलाच, म्हणजे थॉमस फ्लायरच्या चार दिवस आधी पोहोचली होती. तरी जिंकली फ्लायर. प्रोटोस अमेरिकेत काही अंतर रेल्वेच्या डब्यावर चढवून नेली आणि अलास्काचा टप्पा तिने केला नाही, म्हणून हिशेबात तिच्यावर ३० दिवस चढले. रेल्वेने वाहून नेलं तर दंड, पण चिखलातून वा बर्फातून घोड्यांनी ओढून काढलं तर दंड नाही. ही रेघ कुठेतरी ओढायची म्हणून ओढलेली होती. गाडी कुठे संपते आणि मदत कुठे सुरू होते, याचं उत्तर नियमांच्या पुस्तकात मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जून १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत एमिल लव्हासोर यांनी सुमारे १,१८० किलोमीटर अंतर ४८ तास ४८ मिनिटांत कापलं, आणि तेही जवळजवळ एकट्याने हँडल सांभाळून. वाटेत बदली चालक ठरला होता, पण लव्हासोर अपेक्षेपेक्षा इतक्या लवकर पोहोचले की तो अजून झोपेत होता. त्याची वाट न पाहता ते तसेच पुढे गेले. एका माणसाच्या चिकाटीचं याहून मोठं उदाहरण क्वचित सापडेल. मग ही कहाणी एकट्याची नव्हे का? धैर्य एकट्याचं, यात शंका नाही. पण शेजारी मेकॅनिक बसलेला होता, पायाखाली फ्रान्सचे बांधलेले रस्ते होते, आणि ते रस्ते घोडागाड्यांसाठी राबलेल्या पिढ्यांनी तयार ठेवले होते. गोबीत नव्हतं ते सगळं तिथे होतं. लव्हासोर एकटे दिसतात ते त्यांना लागणारे हात आधीच रस्त्यात मुरले होते म्हणून.

हात वस्तूत कसा मुरतो याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेत सापडतं. ३० मे १९११ ला इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. प्रत्येक गाडीत चालकाशेजारी मेकॅनिक बसे, आणि मागून कोण येतंय हे पाहणं हे त्याचं एक काम. रे हॅरून यांनी मात्र आपल्या मारमन गाडीत एकच आसन ठेवलं. मागचं न दिसणारा चालक धोकादायक आहे, अशी इतरांनी तक्रार केली. हॅरून यांनी समोर एक आरसा बसवला, आणि शर्यत जिंकली. आरशाची कल्पना त्यांचीच पहिली असं म्हणता येणार नाही. डोरोथी लेव्हिट या ब्रिटिश चालक महिलेने १९०९ च्या आपल्या पुस्तकात स्त्रियांना हातातला आरसा जवळ ठेवून मागचं पाहण्याचा सल्ला दिला होता. हॅरून यांनी पुढे सांगितलं, की विटांच्या त्या ट्रॅकवर गाडी इतकी हादरत होती की आरशात काही दिसत नव्हतं. तरीही मुद्दा उरतोच. एका माणसाची नोकरी काचेच्या तुकड्यात गेली, आणि आज कुठल्याही गाडीच्या आरशात पाहताना तिथे कधी माणूस बसत असे हे आपल्या मनातही येत नाही.

कुणी म्हणेल, प्रत्येक साधनामागे माणसं असतातच, यात नवीन काय? नवीन हे, की मोटार विकली गेली ती याच्या उलट वचनावर. कुणावर अवलंबून राहायचं नाही, मनात येईल तेव्हा मनात येईल तिथे जायचं, हे ‘ल मातँ’चं वचन आजही जाहिरातींतून ऐकू येतं. एसटी स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर उतरून शिट्टी वाजवतो, ट्रकच्या केबिनमध्ये क्लीनर जागा राहतो, रात्री हमरस्त्यावर टांगलेला जुना टायर पंक्चरवाल्याची जागा दाखवतो. ही आपल्या डोळ्यांसमोरची माणसं बर्था बेंझच्या मोच्याच्या आणि बोर्गेझेच्या सुताराच्याच वंशातली आहेत. खुद्द शर्यतीने तर हे कधीच मान्य केलं आहे. २०२३ मध्ये कतारच्या फॉर्म्युला वन शर्यतीत मॅक्लारेन संघाने चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. त्यासाठी एका गाडीभोवती वीसएक माणसं उभी असतात.

चालकांचं श्रेय कमी करावं असं मी म्हणत नाही. बोर्गेझे, गुइत्सार्दी, लव्हासोर यांचं धैर्य होतं तेवढंच राहतं. पण इतिहास लिहिताना विजेत्याच्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडायला हवी. ती इटाला आज तुरीनच्या मोटार संग्रहालयात उभी आहे. तिच्यासमोर उभं राहणाऱ्याने इंजिन जरूर पाहावं, आणि मग चाकांकडेही पाहावं. कारण पॅरिसपर्यंत ती पोहोचली यात कुऱ्हाडीने चाक घडवणाऱ्या एका रशियन सुताराचाही हात आहे.