वेळेचा रकाना : कोड लिहिणाऱ्या यंत्राला आधी काय सांगावे लागते?

१/ २५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध अखेरच्या टप्प्यात होते. सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकी सैनिकांच्या निवासस्थानावर इराकचे स्कड क्षेपणास्त्र आदळले आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. रक्षणासाठी पॅट्रियट यंत्रणा तैनात होती, सुरूही होती. पण तिने प्रतिकार केलाच नाही. पुढील चौकशीत कारण सापडले ते वेळ साठवण्याच्या पद्धतीत.

२/ पॅट्रियटचे घड्याळ यंत्रणा सुरू झाल्यापासूनचा काळ सेकंदाच्या दशांशांत मोजत असे. हा आकडा पूर्णांक होता. त्याचे सेकंद करण्यासाठी त्याला १/१० ने गुणले जाई. दशमान पद्धतीत जसे १/३ कधीच पुरे लिहून होत नाही, तसे द्विमान पद्धतीत १/१० लिहून होत नाही. यंत्रात जागा २४ बिटांची. उरलेले शेपूट छाटले जाई.

३/ छाटलेला भाग किती? दर दशांशामागे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी. पण धाहरानची यंत्रणा १०० तासांहून अधिक काळ अखंड चालू होती. १०० तास म्हणजे ३६ लाख दशांश. साचलेली चूक सुमारे ०.३४ सेकंद झाली. स्कडचा वेग सेकंदाला सुमारे १,६७६ मीटर. तेवढ्या वेळात ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. रडार आकाशात भलत्याच ठिकाणी शोध घेत राहिले.

४/ गणित करणाऱ्यांना हे समजत नव्हते असे नाही. मूळ आराखड्यात यंत्रणा फिरती राहील, एका जागी काही तासच चालेल, असे गृहीत धरले होते. येणारी वेळ किती मोठी असू शकेल, याचे ते उत्तर होते. युद्धात परिस्थिती बदलली. गृहीतक मात्र कोडच्या पोटात तसेच राहिले. सुधारित कोड धाहरानला पोहोचला तो दुसऱ्या दिवशी, २६ फेब्रुवारीला.

५/ येणारी माहिती कोणत्या प्रकारची, हे यंत्राला आधी सांगण्याची प्रथा याहून जुनी आहे. १९५६ साली आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोरट्रानची पुस्तिका निघाली. तिच्या शीर्षकातच फोरट्रानला ‘स्वयंचलित कोडलेखनाची प्रणाली’ म्हटले होते. माणसाने सूत्र लिहायचे, यंत्रभाषेतील कोड यंत्राने तयार करायचा. त्यासाठी नियम सोपा होता : नाव आय ते एन या अक्षरांपैकी एकाने सुरू झाले, तर संख्या पूर्णांक, एरवी अपूर्णांकासह.

६/ सुमारे दोन दशकांनी न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर यांनी उलट दिशेची सोय केली. विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता आव्यूहांचे गणित करता यावे म्हणून त्यांनी मॅटलॅब रचले. त्यात प्रकार एकच : आव्यूह. काहीच जाहीर करायचे नाही. आकडे द्यायचे आणि उत्तर घ्यायचे. १९८४ मध्ये मॅथवर्क्स कंपनी स्थापन झाली आणि मॅटलॅब प्रयोगशाळांतून कारखान्यांपर्यंत गेले.

७/ या सोयीत वेळेला वेगळी ओळख नव्हती. तारीख म्हणजे शून्य वर्षापासून मोजलेल्या दिवसांचा एक अपूर्णांक. आजच्या तारखांसाठी तो आकडा सात लाखांच्या पुढे जातो. त्यामुळे ६४ बिटांतही त्याची सूक्ष्मता सुमारे १० मायक्रोसेकंदांपाशी थांबते. शिवाय एका रकान्यात तापमान आणि शेजारी वेळ असली, तरी यंत्राच्या लेखी दोन्ही नुसतेच आकडे.

८/ २०१४ मध्ये मॅटलॅबमध्ये तारीख-वेळ आणि कालावधी यांचे स्वतंत्र प्रकार आले. २०१६ मध्ये ‘टाइमटेबल’ आले : असा तक्ता, ज्याच्या प्रत्येक ओळीला स्वतःची वेळ जोडलेली असते. दोन संवेदकांच्या नोंदी वेळेनुसार जुळवणे, मधल्या गाळलेल्या वेळा ओळखणे, ही कामे त्यामुळे तक्त्याच्या अंगभूत झाली.

९/ पण असा तक्ता हाताळणारे गणित वाहनात किंवा उपकरणात बसवायचे, तर ते सहसा सी भाषेत हवे. मॅटलॅब कोडर हे साधन २०११ पासून तो सी कोड आपोआप लिहून देते. सी भाषेला मात्र प्रत्येक चलाचा प्रकार आधी कळावा लागतो. मॅटलॅबने टाळलेला प्रश्न येथे दारातच उभा राहतो.

१०/ टाइमटेबल आत घ्यायचे, तर त्याची घोषणा करावी लागते : एक नमुना तक्ता दाखवून, किंवा प्रकाराचे वर्णन लिहून. ओळींची वेळ तारखेच्या रूपात की कालावधीच्या? रकाने किती, त्यांची नावे काय, प्रत्येकात कोणत्या जातीचा आकडा? ओळींची संख्या ठरलेली की बदलती? बदलती असेल, तर तिला कमाल मर्यादा आहे का?

११/ कामाची घाई असलेल्याला ही प्रश्नावली जाचक वाटते. मॅटलॅबमध्ये विनातक्रार चाललेले सूत्र कोडरपुढे अडून बसते. पण अडते ते नेमके तेथेच, जेथे लिहिणाऱ्याच्या मनातले गृहीतक अजून कागदावर उतरलेले नसते.

१२/ अशी घोषणा म्हणजे अभयपत्र नव्हे. प्रकार बिनचूक सांगूनही मर्यादा चुकीची ठरवता येते. छाटलेल्या दशांशाची चूक कोणतीही घोषणा भरून काढत नाही. तिचे काम मर्यादित आहे : उत्तर लेखी घेणे, म्हणजे परिस्थिती बदलल्यावर ते शोधून दुरुस्त करता येते. ‘जास्तीत जास्त किती?’ या प्रश्नाचे धाहरानमधील उत्तर ‘काही तास’ असे होते. प्रत्यक्षात तास शंभरावर गेले, तेव्हा यंत्रणेतील कोणताही भाग त्या उत्तराकडे बोट दाखवू शकला नाही.