खरवडीचा मान

दुधाच्या टोपातली खरवड कोणी खायची, यावरून घराघरांत भांडणे होतात. फ्रेंच ‘ग्रातँ’ या शब्दाचा मूळ अर्थ हाच : भांड्याला धरलेली खरवड. आग्नेय फ्रान्सच्या दोफिने प्रांतात बटाट्याच्या पातळ चकत्या लसूण चोळलेल्या भांड्यात रचतात, दूध-साय ओतून भट्टीत मंद भाजतात. वर तांबूस थर धरतो.

७ जून १७८८ रोजी तिथल्या ग्रनोब्ल शहरात लोकांनी छपरांवरून सैनिकांवर कौले फेकली. जमाव ड्यूक क्लेर्माँ-तोनेर यांच्या वाड्यात घुसला. याच ड्यूकने १२ जुलैला गाप शहराच्या अधिकाऱ्यांना मेजवानी दिली. ‘ग्रातँ दोफिन्वा’चा पहिला ज्ञात उल्लेख तिथला.

पुढच्याच वर्षी क्रांती झाली. सरंजामशाही गेली, खरवड राहिली. आणि गंमत पाहा, पुढे फ्रेंचांनी उच्चभ्रूंनाच ‘ग्रातँ’ म्हटले!